पिकलबॉल: जोरात मारणं नंतर, आधी रेषा गाठा

पिकलबॉल म्हणजे पॅडलने, म्हणजे छोट्या सपाट बॅटने, नेटवरून प्लॅस्टिकचा चेंडू मारायचा खेळ. त्याच्या पहिल्याच दिवशी नवख्या माणसाला सर्व्ह आणि स्मॅश शिकवायला घेतात, हे मला मुळीच पटत नाही. नवख्यांचे बहुतेक पॉइंट जातात ते चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे. फटका कच्चा असला तरी एक वेळ चालतं.

कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, एकेरीलाही तेवढंच. नेटच्या दोन्ही बाजूंना ७-७ फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. किचनमध्ये पाय ठेवून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी हवेतच घेतलेला फटका, मारता येत नाही आणि रेषासुद्धा किचनमध्येच धरतात. रेषेबाहेरून व्हॉली मारली, पण त्या झोकात तोल जाऊन पाय आत पडला, तरी फॉल्टच. तोवर चेंडू पलीकडे दोनदा टप्पा खाऊन मेलेला असला तरी! पण टप्पा पडलेला चेंडू मारायला आत खुशाल जा. नवखे किचनला इतके घाबरतात की समोर पडलेला सोपा चेंडूही सोडून देतात.

सर्व्हचा टप्पा पडू द्यायचा, आणि त्याच्या परताव्याचाही. म्हणून सर्व्ह करणाऱ्या जोडीने पुढे धावायची घाई करू नये, परतावा थेट पायाशी येतो. परतवणाऱ्याचं उलट आहे. चेंडू उंच आणि बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळ टाका, म्हणजे तो तिकडे पोहोचेपर्यंत तुम्हाला किचनची रेषा गाठता येते. पार्टनर तिथे आधीच उभा हवा. मधल्या भागात रेंगाळलात की प्रत्येक चेंडू बुटांवर येतो. वाटेत अडकलात तर समोरचा मारायच्या क्षणी थांबा, पाय फाकवून स्थिर व्हा, मग पुढे सरका.

रेषेवर पोहोचल्यावर डिंक, म्हणजे नेटवरून हलकेच पलीकडच्या किचनमध्ये सोडलेला चेंडू. सगळी गंमत याच्यात आहे आणि सगळी गडबडही. नवखा मनगट झटकतो, चेंडू छातीच्या उंचीला उडतो आणि समोरून स्मॅश बसतो. पॅडल सैल धरा, अगदी घट्ट पकड म्हणजे दहा मानली तर तीन-चार. मनगट स्थिर ठेवा, हात खांद्यातून हलवा, चेंडू शरीराच्या पुढेच घ्या. प्लॅस्टिकचा हा भोकांचा चेंडू टेनिसच्या चेंडूपेक्षा कमी उसळतो, म्हणून कमरेत वाकून भागत नाही, गुडघे वाकवावे लागतात. समोरासमोर सलग २० डिंक जमले की तिरके सुरू करा. नेट कडेला ३६ इंच, तर मध्ये ३४ इंच असतं. तिरक्या चेंडूला ती दोन इंचांची सूट मिळते, शिवाय लांबीही जास्त.

सर्व्हसाठी एकच सांगेन: चेंडू हातातून नुसता सोडा आणि टप्पा पडल्यावर मारा. खाली आपटायचा किंवा वर उडवायचा मात्र नाही. हवेतल्या सर्व्हला कमरेखाली, पॅडलचं डोकं मनगटाखाली, हात खालून वर अशा अटी लागतात; टप्प्याच्या सर्व्हला त्या नाहीत. सर्व्ह तिरका, किचन आणि त्याच्या रेषेपलीकडे पडायला हवा. संधी एकच, त्यामुळे कोपरा साधण्यापेक्षा खोल टाका.

गेम ११ चा, दोन पॉइंटांची आघाडी लागते. नेहमीच्या पद्धतीत पॉइंट फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूला मिळतो. दुहेरीत स्कोअर तीन आकड्यांत सांगतात: आपला, त्यांचा आणि सर्व्हर पहिला की दुसरा. सुरुवात ०-०-२ ने होते, म्हणजे गेमच्या पहिल्या सर्व्हरलाच ‘दुसरा’ धरतात; ते दोन-तीन गेममध्ये अंगवळणी पडतं.

पॅडल २१५ ते २३५ ग्रॅमचं पुरे. बुटांकडे मात्र दुर्लक्ष नको. धावण्याच्या बुटांचा तळ उंच आणि मऊ असतो, बाजूला पाऊल टाकताना घोटा मुरगळतो. कोर्टचे सपाट तळाचे बूट घ्या.

आणि कळकळीने सांगतो, डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उडवलेला चेंडू, गेला तर तोंड नेटकडे ठेवून मागे पळू नका. टाच अडकते, माणूस पाठीवर पडतो, आधाराला टेकलेलं मनगट मोडतं. आधी अंग वळवा, मग चेंडूच्या बाजूने धावा. पोहोचणार नसाल तर पार्टनरला ‘तुझा’ म्हणून ओरडा आणि त्याची मोकळी झालेली बाजू धरा.