बुडालेल्या मालावरचा कर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी भरतं, दुकानदार करात सवलत मागतात, आणि घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहणारा माझा चुलतभाऊ लिहितो, 'पगारदारांनी भरायचं आणि यांना सूट. फुकटेगिरी!' यंदा त्याखाली सगळ्यांचे अंगठे. ह्यूस्टनमध्ये ऑफिसला निघता निघता वाचलं आणि दिवसभर डोक्यात तेच.

दादा, हिशेब तरी बघ. इलेक्ट्रिकलवाल्याने दहा लाखांच्या वायरी-स्विच भरले, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाख 80 हजार दिले. माल विकला की हे पैसे विक्रीच्या करातून वळते होतात. माल पुरात सडला तर? नष्ट झालेल्या मालावर ही वळती, म्हणजे इनपुट क्रेडिट, नाही, घेतलं असेल तर परत करा, असं 2017 चा जीएसटी कायदा म्हणतो. माल गेलाच, वर न झालेल्या विक्रीचा करही त्याच्याच अंगावर. आयकरात बुडालेला माल तोटा म्हणून दाखवता येतो, तेवढं कबूल.

कारखानदाराचंही तेच. आगीत यंत्रं गेलेल्या एका कंपनीला मिळालेले विम्याचे पैसे भांडवली नफा नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं. 1999 मध्ये सरकारने कायदाच बदलला: पूर, वादळ, भूकंप, आग, कशातही मालमत्ता गेली तरी विम्यातून सुटणारा नफा करपात्र. नवी मुंबईत रबाळे-महापेच्या कारखानदारांना विचार. केरळात 2018 च्या पुरानंतर आयकर रिटर्नची मुदत पंधरा दिवस वाढली, आणि पुढच्या ऑगस्टपासून तिथल्याच लोकांवर दोन वर्षं 1 टक्का पूर-उपकर!

इथे ह्यूस्टनला ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा बार्कर धरणाचं पाणी आमच्या सबडिव्हिजनमध्ये शिरलं. आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, पत्ते बघून रिटर्नची मुदत 31 जानेवारी 2018 पर्यंत आपोआप पुढे नेली. ना अर्ज, ना साहेब. सप्टेंबर सरायच्या आत काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खास कायदा केला: विम्याने न भरलेल्या नुकसानीतले 500 डॉलर सोडून बाकीची वजावट, आणि हवं तर ती 2016 च्या रिटर्नमध्ये दाखवून परतावा लगेच घ्या. घराच्या, गाडीच्या, सोफ्याच्या नुकसानीवर. आणि हे पगारदारांनाही, दादा! आमच्या गल्लीत तरी कुणी कुणाला फुकटा म्हणालं नाही. (2018 पासून ही वजावट सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीपुरतीच उरली आणि फ्लड इन्शुरन्स नसलेल्या शेजाऱ्यांचे काय हाल झाले, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. दादाला आयतं कोलीत कशाला?)

दादाचा राग खरा आहे, पण पत्ता चुकलाय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही नौपाड्यात तळमजल्यावर होतो. फ्रिज, गाद्या, आईच्या साड्या, सगळं चिखलात. बाबा पगारदार, त्या वर्षीचा त्यांचा आयकर एका पैशानेही कमी झाला नाही, कारण घरातल्या नुकसानीला आपल्या आयकरात जागाच नाही. ती मागायची सोडून दुकानदारावर का घसरतोस? त्या दिवशी आमचं गोदरेजचं कपाट माळ्याच्या जिन्यात चढवणारा तूच होतास. बाविसावा मजला नंतरचा.

हे सगळं लिहिलं. त्यावर दादाचं उत्तर एका ओळीचं: 'तू कर कुठे भरतेस ते आधी सांग.'

झोंबलं. ठाण्याच्या फ्लॅटचा मालमत्ता कर मी इथून ऑनलाइन भरते, भाड्यावर भारतात टीडीएस कापला जातो, पगारावरचा आयआरएस घेतं. ग्रीन कार्डावर इथे मत देता येत नाही आणि ठाण्यात द्यायचं तर विमानाने येऊन रांगेत उभं राहायला हवं. अजून एकदाही आले नाही. नगरसेवकाला जाब विचारायचा तर कुठल्या तोंडाने? भांडायला उरलाय तो हा ग्रुप, आणि तिथे दादा हमखास सापडतो.