धेंपो अजून आहे?

परवा माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी धेंपोच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या जुन्या फुटबॉल क्लबच्या, मॅचचा स्कोर टाकला. पुण्यात असलेल्या चुलतभावाचा लगेच मेसेज आला, "ताई, धेंपो अजून आहे?"

त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत डिचोलीला यायचा, बाबांनी त्यालाही एकदा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला नेलं होतं. त्याच्या आठवणीत धेंपो म्हणजे कोलकात्याच्या टीमना हरवणारा क्लब. पुढे त्याच्या कानावर काहीच आलं नाही. मी "आहे रे" एवढंच लिहिलं आणि फोन ठेवला. रात्रभर ते दोन शब्द मला पुरेनात, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डिचोलीचे. बाबांचा टिप्पर होता, खाणीवरून जेटीवर माल न्यायचे. आमच्याकडे तेव्हा खाण म्हणजे धेंपो, क्लब म्हणजे धेंपो आणि सकाळी दारात पडणारा 'नवप्रभा'ही धेंपोंचाच. त्यामुळे मी हा क्लब निवडला असं काही झालंच नाही. पावसाळ्यात छत्री घ्यावी तसा तो घरात होता. आठवड्यात मॅच असली की बाबा त्या दिवशीच्या खेपा दुपारपर्यंत उरकायचे, मला शाळेतून उचलायचे आणि आम्ही कदंबाच्या बसने पणजी, तिथून शटलने मडगाव करत फातोर्डा गाठायचो. घरी परतेपर्यंत रात्रीचे साडेनऊ-दहा. आई जागी असायची, पण ओरडायची नाही. फक्त विचारायची, "जिंकले?"

आणि बहुतेक वेळा आम्ही जिंकलेलो असायचो! आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. आठ हंगामांत पाच वेळा देशाचे चॅम्पियन. आधीची दोन राष्ट्रीय फुटबॉल लीगची, पुढची तीन तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. कोच आर्मांदो कुलासो. बचावात समीर नाईक आणि महेश गवळी, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, डावीकडून क्लिफर्ड मिरांडा, पुढे बेटो आणि रँटी मार्टिन्स. रँटीने २०११-१२ च्या एका लीगमध्ये ३२ गोल केले. २००८ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेलो. आय-लीगची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली, धेंपो, चर्चिल आणि साळगावकर या तीन क्लबांत वाटली गेली. चौदा-पंधरा लाखांचं राज्य हो आमचं!

त्या सगळ्या वैभवाची सुरुवात मात्र माझ्या मनात एका वाईट दिवसाशी बांधलेली आहे. ५ डिसेंबर २००४. बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियरने दोन्ही गोल केले. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, तो खाली पडला आणि पुन्हा उठला नाही. पंचवीस वर्षांचा होता. आम्ही टीव्हीसमोर होतो. कप आमचा झाला होता आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्याच हंगामात त्याच टीमने लीग जिंकली. ती पोरं ते दुःख घेऊन कशी खेळली असतील, हा विचार आजही मनात येतो.

आता पडत्या काळाबद्दल. तो आला कसा, हे मला नीट सांगायचंय, कारण लोक एका वाक्यात म्हणतात, "आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली आणि जुने क्लब संपले." एवढं सोपं नव्हतं ते.

गोव्याचे मोठे क्लब खाणमालकांच्या पैशावर उभे होते, हे आमच्या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. धेंपोंनी २००९ मध्ये खाण व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला. क्लब चालू ठेवला, आणि त्यानंतरही दोन लीग जिंकल्या, याचं श्रेय त्या घराण्याला द्यायलाच हवं. मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. रातोरात. बाबांचा टिप्पर अंगणात आंब्याखाली उभा राहिला. पहिले काही महिने ते रोज सकाळी इंजिन चालू करायचे, दहा मिनिटं ठेवायचे आणि बंद करायचे. मग दोन दिवसांनी, मग आठवड्यातून एकदा. ताडपत्रीवर पानं साचायला लागली. माझं लग्न झालेलं होतं, मी म्हापशाला. माहेरी गेले की आधी त्या ताडपत्रीकडे नजर जायची.

त्याच सुमाराला टीमही विस्कटली. रँटी गेला, पुढच्या वर्षी कुलासो सर गेले, जुने खेळाडू थकले. देशभर तेच चाललं होतं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद. एक लीगचा चॅम्पियन, दुसरा तर पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. कंपनीच्या एका बैठकीत क्लब संपतो, हे तेव्हा आम्हाला कळलं, आणि पोटात गोळा आला.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. तिच्यातल्या गोव्याच्या टीमच्या, एफसी गोवाच्या, मालकांमध्ये धेंपो आणि साळगावकर दोघेही होते, त्यामुळे परका वगैरे वाटायचा प्रश्न नव्हता. ब्राझीलचे दिग्गज झिको कोच म्हणून फातोर्ड्याला आले. झिको! मीही गेले, ओरडले, गळा बसेपर्यंत. पण त्याच हंगामात काही महिन्यांनी त्याच स्टेडियममध्ये बाबांबरोबर धेंपोची आय-लीगची मॅच पाहायला गेले. रिकाम्या खुर्च्यांवर कावळे बसले होते. बाहेर रोस ऑम्लेटचा गाडाही नव्हता. गाडेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं हो, कुठे माणसं येणार नाहीत ते.

त्या २०१४-१५ च्या हंगामात आम्ही खाली घसरलो. पाच वेळचे चॅम्पियन, सेकंड डिव्हिजनमध्ये. बाबा म्हणाले, "बरं झालं, तळ लागला. आता वर यायचं." आणि टीम आलीही वर. २०१६ ला सेकंड डिव्हिजन जिंकून परत आय-लीगची जागा मिळवली. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन डिचोलीला गेले होते.

ते पेढे संपायच्या आत बातमी आली. पुढच्या आराखड्यात आयएसएल देशाची अव्वल लीग होणार आणि आय-लीग तिच्या खाली जाणार, मैदानावर जिंकूनही वरचं दार उघडणार नाही. साळगावकर आणि गोव्याच्याच स्पोर्टिंगने माघार घेतली, धेंपोनेही घेतली. वर चढलेला क्लब शिडी सोडून खाली उतरला.

तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. कोट्यवधी रुपये घालायचे, जिंकायचं, आणि तरी तुम्ही दुय्यमच, हे कुणी आणि का सोसावं? स्वाभिमानाला किंमत असते. पण मी चाहती आहे, मालकीण नाही. मला ताळेबंद सांभाळायचा नव्हता, मला मॅच बघायची होती. आणि माझा क्लब सात वर्षं देशाच्या कुठल्याच लीगमध्ये नव्हता.

इथे मला इंग्लिश क्लबांच्या माझ्या मित्रमंडळींशी जरा भांडायचंय. कुणी म्हणतो आम्ही लीगसाठी तीस वर्षं थांबलो, कुणी म्हणतो आम्ही इतकी वर्षं ट्रॉफी पाहिली नाही. मान्य, तेही दुखतं. पण तुमच्या त्या दुष्काळात दर शनिवारी मॅच होती. तुम्ही हरलात, शिव्या दिल्यात, कोच बदला म्हणालात, पुढच्या शनिवारी पुन्हा बसलात. हरणाऱ्या टीमचा चाहता असणं हे एक नातं आहे, त्यात रोज काही ना काही घडत असतं. आमच्याकडे घडतच नव्हतं. पॉइंट्स टेबलात नाव शोधायला जावं तर नावच नाही. हरण्याची सवय लावून घेता येते, नसण्याची सवय मला कधी लावता आली नाही.

देशाच्या लीगमध्ये नसलो तरी अगदीच नाहीसे झालो होतो असं नाही. राज्याची गोवा प्रो लीग होती, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या वर्षांतली मला सगळ्यात लख्ख आठवणारी मॅच तिथलीच आहे. धुळेरला, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. भर दुपारची मॅच. बाबा डिचोलीहून एकटेच बस पकडून आले होते, हातात छत्री, पिशवीत आईने दिलेले उकडलेले शेंगदाणे. चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी खेळाडूंचे आईवडील. एवढं शांत, की गोलकीपर काय ओरडतो तो शब्द न् शब्द कळत होता. बुटाने बॉल मारल्याचा आवाज टर्फवर कसा दबका येतो, हे मला फातोर्ड्यात कधी समजलंच नव्हतं. विंगवरचा मुलगा अठरा-एकोणीसचा असेल, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले. थ्रो-इनसाठी आमच्या बाजूला आला. बॉल घरंगळत बाबांपाशी आला होता. बाबांनी तो तळपायाखाली थांबवला, वहाणेच्या अंगठ्याने हलकेच उचलून त्याच्या हातात दिला. तो कोंकणीत आभार मानत म्हणाला, "देव बरें करूं, काका."

बाबा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. म्हापशाच्या बसस्टँडवर शेंगदाण्यांची पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "पोर चांगलं आहे. डावा पाय वापरत नाही पण."

आणि मी काय केलं? पुढची दोन-तीन वर्षं मी गेलेच नाही. दहा मिनिटांवर मैदान असून. मुलांचे क्लास, शाळेचं काम, सासूबाईंचं आजारपण. कारणं सगळी खरी होती, पण एफसी गोवाच्या मॅचला त्याच काळात मला वेळ मिळाला. बाबा मात्र जात राहिले. २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा त्यांनी टिप्पर विकला, आणि त्या आठवड्यातही ते मॅचला गेले होते. हे मला आईकडून कळलं. मला त्याची लाज वाटते, आणि ती इथे लिहून ठेवते.

ज्या काळात आम्ही बहुतेक जण पाठ फिरवून होतो, त्या काळात क्लबने पोरं घडवणं सोडलं नाही. जुन्या गोव्याजवळच्या अकादमीतून मुलं येत राहिली. आणि जुने खेळाडू कुठे गेले पाहा. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली २०२० मध्ये एफसी गोवाने लीग शील्ड जिंकली, २०२३ मध्ये त्याच्याच हाताखाली ओडिशाने सुपर कप जिंकला. समीर नाईक, जो खेळाडू म्हणून वर्षानुवर्षं इथून हलला नाही, तो धेंपोचा कोच झाला. २०२३-२४ ला क्लब आय-लीग २ मध्ये उतरला, दुसरा आला आणि थेट आय-लीगमध्ये परत. योगायोग म्हणा, त्याच २०२४ मध्ये डिचोलीची खाणही पुन्हा सुरू झाली. आमच्या अंगणात आता टिप्पर नाही, पण रस्त्यावरून दुसऱ्यांचे जाताना बाबा हॉर्नवरून मॉडेल ओळखतात.

२०२४-२५ च्या आय-लीगमध्ये आम्ही काही चॅम्पियन वगैरे झालो नाही. टिकलो. आणि त्या टिकण्याचा आनंद मला २०१२ च्या विजेतेपदाएवढाच झाला, हे अतिशयोक्ती न करता सांगते.

"आता गोव्याची टीम म्हणजे एफसी गोवा, जुनं किती धरून बसायचं?" असं मला बरेच जण सांगतात, त्यात माझा नवराही आहे. मी एफसी गोवाच्या विरोधात नाही, मुलांना घेऊन जाते, पुढेही जाईन. पण ज्या क्लबाने सबंध राज्याला जिंकायची सवय लावली, ज्याचे माजी खेळाडू आज कोच म्हणून उभे आहेत, त्याच्याबद्दल "अजून आहे?" असं विचारावं लागतं, याचा दोष मी आयएसएलला देत नाही, फेडरेशनलाही सगळा देत नाही. थोडा मैदानापासून दहा मिनिटांवर राहून न गेलेल्या माझ्यासारख्यांचाही आहे.

बाबा आता चौऱ्याहत्तरचे. गुडघे साथ देत नाहीत, बसने येणं बंद झालंय. मॅच मोबाईलवर लावून दिली की चष्मा पुसून बसतात. मागच्या वेळी आमचा एक मुलगा उजवीकडून आत शिरला आणि डाव्या पायाने शॉट मारला, बारवरून गेला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, मारला."

भावा, तुला उत्तर मिळालं असेल. गणपतीला येशीलच, तेव्हा बोलू. आणि म्हापसा-पर्वरी भागातले जे कुणी वाचत असतील त्यांना सांगते, घरच्या पुढच्या मॅचला आम्ही गाडी घेऊन जाणार आहोत. बाबांना पुढे बसवायचं आहे, मागे दोन जागा रिकाम्या आहेत. कमेंटमध्ये कळवा.