एप्सिलॉन कोणी दिला, हे विचारू नको

बारावीचा निकाल लागला. सीईटीचं पर्सेंटाइल चारचौघांत सांगण्यासारखं नाही, बायोलॉजी तर तू घेतलंच नव्हतं, आणि आयटीआयची तारीख निघून गेली. अभिनंदन. गणितात बी.एस्सी. करायला लागणारी सगळी पात्रता तू मिळवली आहेस.

घरी सांगताना थोडी अडचण येईल. केमिस्ट्री म्हटलं की खताची कंपनी तरी डोळ्यांपुढे उभी राहते. गणित म्हटलं की बाप विचारतो, "म्हंजे हिशोब ना? तो त तुले येते." वाद घालू नको, "हो" म्हण. फी मिळेल. कॉलेजलाही हा विषय फार आवडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. ॲसिडच्या बाटल्या नकोत, मायक्रोस्कोप नको, प्रयोगशाळेचं कुलूपसुद्धा नको. एक फळा, एक खडू आणि तासिका तत्त्वावरचे एक सर, एवढ्यात विभाग उभा राहतो.

सकाळी सहाच्या मुक्कामी गाडीने जा. विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत आहे. खरं तर ती दोन तृतीयांश. म्हणजे सहाची रांग कधीच संपायला नको, पण महामंडळाने ती सातावर तोडली. तीन वर्षांत गणिताचा व्यवहाराशी एवढाच संबंध येईल, म्हणून पास नीट बघून ठेव. सरही त्याच गाडीने येतात. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही निघतील तेव्हा. सुट्टीत तास नाहीत, म्हणून दिवाळीत ते घरचं सोयाबीन काढायला जातात. त्यांच्याशी आदराने वाग. एम.एस्सी. आणि सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) करून पुढे काय होतं, हे तुला कोणा समुपदेशकाला विचारावं लागणार नाही. ते शेजारच्या सीटवर झोपलेलं असतं.

वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर येईल : लेट एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो बी गिव्हन. म्हणजे शून्याहून मोठा, पण हवा तेवढा लहान असा एप्सिलॉन नावाचा आकडा दिलेला आहे. दहावीपर्यंत तू मराठीत शिकलास, त्यामुळे तुझ्या मनात सरळ प्रश्न येईल की दिला कोणी? हा प्रश्न गिळून टाक. मी विचारला होता. सर क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "हे परीक्षेले येत नाही." आपल्याच भागातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचं अख्खं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. बाबा विचारायचे आणि समोरचा अडाणी माणूस विचार करून उत्तर द्यायचा. पण ते कीर्तन होतं. हे लेक्चर आहे, इथे उतरवून घ्यायचं असतं.

खरं तर हा एप्सिलॉन ज्या सीमेच्या व्याख्येत येतो, तिला आजचं काटेकोर रूप दिलं ते कार्ल वायरश्ट्रास या जर्मन मास्तराने. मास्तर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बॉन विद्यापीठातून तो पदवी न घेताच परतला आणि नंतर कितीतरी वर्षं आडगावच्या शाळांत शिकवत राहिला. गणिताबरोबर कवायतही घ्यायचा, मुलांचं अक्षरही वळवायचा. 1854 साली त्याचा एक शोधनिबंध छापून आला, कोनिग्सबर्ग विद्यापीठाने घरबसल्या मानद डॉक्टरेट दिली, आणि दोन वर्षांनी तो बर्लिनला शिकवू लागला. आपल्याकडे असता तर एवढी धावपळ झाली नसती. खिचडीच्या तांदळाचा हिशोब, मतदार याद्या आणि जनगणना यांतून वेळ काढून त्याने शोधनिबंध लिहिला असता, असं मला तरी वाटत नाही.

पुस्तक घेऊ नको. ग्रंथालयात आहे, पण कपाटाची चावी ज्यांच्याकडे आहे ते बाहेर गेलेले असतात. स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला हाच गणित विभागाचा खरा प्रमुख. त्याच्याकडे आय.एम.पी. मिळतात : मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि त्यातली फिरून फिरून येणारी प्रमेयं. ती मनाच्या श्लोकांसारखी पाठ कर. कोशी या फ्रेंच गणितज्ञाला सगळे कौची म्हणतात, तूही म्हण. बरोबर उच्चार केलास तर वर्ग हसेल. पाठ करताना अर्थ लागत नाही म्हणून घाबरू नको. कॅल्क्युलसमधलं रोलचं प्रमेय पेपरात हमखास येतं. ते ज्या मिशेल रोलने 1691 साली छापलं, तो स्वतः कॅल्क्युलसचा विरोधक होता. त्यालाच ते शास्त्र पटलं नव्हतं, तुला कशाला पटायला पाहिजे? सिद्धता मधेच विसरलास तर दोन ओळी गिचमिड अक्षरात काढ आणि खाली ठळक लिही : हेन्स प्रूव्हड. तपासणाऱ्यासमोर गठ्ठे असतात, तो शेवटची ओळ बघतो.

धोका एकच, आणि तो मोठा आहे. एखाद्या दुपारी तुला खरंच काहीतरी समजेल.

माझं असं झालं. दुसऱ्या वर्षाला क्रमिकेची, म्हणजे आकड्यांच्या रांगेची, सीमा पाठ करत शेतात जागलीवर बसलो होतो. रानडुकरं येऊ नयेत म्हणून मधूनमधून डबा वाजवायचा आणि मधल्या वेळात एप्सिलॉन घोकायचा : कोणताही एप्सिलॉन दिला, तरी रांगेत एन ही एक जागा अशी सापडते, की तिथून पुढचे सगळे आकडे सीमेपासून एप्सिलॉनहून कमी अंतरावर. समोर आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता. पणजोबाकडे 24 एकर. त्याला तीन मुलं, म्हणून आबाजीच्या वाट्याला 8. आबाजीला दोन, म्हणून बाबांना 4. आम्ही दोघं भाऊ, म्हणजे 2. (आत्या आणि बहिणी भाजकात धरायची पद्धत नाही. 2005 च्या कायद्याने त्यांना भाजकात बसवलं आहे खरं, पण राखी बांधून झाली की त्यांना तहसिलीत नेऊन हक्कसोडावर सही घेतली जाते, आणि भागाकार पुन्हा पूर्वीसारखा सुटसुटीत होतो.) मग डोक्यात काहीतरी हललं. तू कितीही लहान तुकडा सांग. एक एकर सांग, दहा गुंठे सांग, बैलजोडी वळणार नाही एवढी जागा सांग. वाटण्या अशाच चालल्या तर एक पिढी अशी येतेच, की तिच्यापासून पुढच्या सगळ्यांचे सातबारे त्या तुकड्याहून लहान. तू सांगितलास तो एप्सिलॉन. ती पिढी म्हणजे एन. शून्य कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि सीमा मात्र शून्य. तुकडेबंदीचा कायदा म्हणजे या क्रमिकेला खालून बंधन घालायचा सरकारी प्रयत्न, आणि साध्या कागदावरच्या वाटणीपत्राने ते बंधनही आम्ही ओलांडलेलं होतं.

एप्सिलॉन कोणी दिला, हे मला त्या दुपारी कळलं. ज्याला शंका आहे तो देतो. तो म्हणतो, "एवढ्याहून लहान करून दाखव," आणि आपण दाखवायचं.

तेवढ्या वेळात डुकरांनी तुरीच्या दोन ओळी लोळवल्या. बाबांनी विचारलं, काय करत होतास? मी खरं सांगितलं. तू सांगू नको. पेपरातही लिहू नको. मी धुऱ्यासकट लिहिलं होतं, सातपैकी दीड मिळाले. शेजारच्याने गाईडमधली व्याख्या स्वल्पविरामासह उतरवली होती, त्याला साडेसहा. अर्धा अक्षराचा कापला.

पदवी मिळाली की फोटो काढ आणि तालुक्याच्या अभ्यासिकेत जागा धर. पोलीस भरतीला बारावी चालते, त्यामुळे तुझी तीन वर्षं तिथे आडवी येणार नाहीत. 1600 मीटर पळायचं, मग लेखी परीक्षेत तुझा खास विषय : काळ-काम-वेग. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामी करतो. सातवीत असताना हे तुला चटकन यायचं. आता तू आधी विचार करतोस की टाकी भरते हे सिद्ध करायला नको का, आणि आमच्याकडे तर नळ चौथ्या दिवशी येतो. एवढ्यात बारावी झालेला पोरगा पुढच्या गणितावर गेलेला असतो. तिथे आगगाडी बोगदा ओलांडत असते. आपल्याला एकच गाडी घरची, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला. ती बंद आहे, म्हणजे वेग शून्य. असा पर्याय छापलेला नसतो.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आबाजीकडे गेलो. ते बाजेवर पडले होते. म्हणाले, "तीन वर्षं काय शिकला, सांग बरं." दुसरं काही सांगता येईना, म्हणून काडीने मातीत आकडे काढले : 24, 8, 4, 2. पिढ्या मोजून दाखवल्या, शून्य होत नाही पण शून्याकडेच जातं, हे समजावलं. आबाजी टक लावून बघत होते. मग उठून बसले.

"हे त मले तुह्या बापाची वाटणी झाली तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "तुले तीन वर्षं काहून लागले बाप्पा?"