नॉइज गेट घेताय? किंमत नंतर बघा, आधी जॅक मोजा

गिटारवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: "गुणगुण येतेय? दोन-तीन हजारांतला कुठलाही नॉइज गेट घे, साखळीच्या अगदी शेवटी लाव, आवाज बंद होईपर्यंत थ्रेशोल्ड फिरव. महागाचे पैसे नुसते नावाचे असतात." शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्याचा हिशेब मांडू. (नॉइज गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की सिग्नल अडवणारं पेडल; ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. साखळी म्हणजे एकापुढे एक जोडलेली पेडलं.)

"गुणगुण येतेय, तर गेट घे." गेट गुणगुण काढत नाही. तुम्ही वाजवायचं थांबलात की दार बंद करतो, एवढंच. सूर वाजत असताना दार उघडं असतं आणि सुरासोबत गुणगुणही तेवढीच बाहेर येते. त्यामुळे पैसे काढण्याआधी आवाज कुठून येतोय ते शोधा. अ‍ॅम्पमधून केबल काढा. तरीही घरघर चालू असेल तर दोष अ‍ॅम्पचा किंवा विजेच्या जोडणीचा. गिटार थेट अ‍ॅम्पला लावा. आवाज गेला तर पेडलं किंवा अ‍ॅडॉप्टर. एका पेडलला 9 व्होल्टची बॅटरी लावून एकट्याने ऐका. बॅटरीवर शांत आणि एकाच अ‍ॅडॉप्टरच्या माळेवर किरकिर, म्हणजे चोर सापडला; तिथे गेटपेक्षा वेगवेगळी आउटपुट असलेला पॉवर सप्लाय कामाला येतो.

तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होणं स्वाभाविक आहे. ती फक्त जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी होत असेल आणि तारांना लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजची अर्थची वायर सुटलेली असते. सोल्डरचा एक टाका मारला की काम झालं. तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) पिकअप असलेल्या गिटारवर सिलेक्टर दोन किंवा चार नंबरवर न्या. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल, तर 50 हर्ट्झचा हम (विजेची गुणगुण) तिथे लगेच पडतो. तसा पडला तर हम पिकअपच गोळा करतोय. डिमर, चोकची ट्यूबलाइट, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर यांपासून दूर जा आणि गिटारची दिशा बदलून बघा. (अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हम जाईल, पण उद्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर तारांमध्ये करंट उतरेल.)

"साखळीच्या अगदी शेवटी लाव." शेवटी म्हणजे डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे इफेक्ट) यांच्यानंतर. तिथे विरत जाणारं प्रत्येक शेपूट गेट मध्येच छाटतो. गेटची जागा डिस्टॉर्शननंतर (आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टनंतर) आणि डिले-रिव्हर्बच्या आधी. गेटच्या आधी कंप्रेसर असेल तर तो तपासा. तो सूर दाबतो, पार्श्वभूमीचा आवाज वर आणतो आणि गेटचं काम अवघड करतो.

"कुठलाही चालतो." खरा घोळ इथे आहे. डिस्टॉर्शन सिग्नल चेपतं. हळू विरणारा सूर आणि सूंऽऽ आवाज यांच्यात गिटारच्या जॅकवर भरपूर अंतर असतं; डिस्टॉर्शनमधून बाहेर पडेपर्यंत ते फार थोडं उरतं. दोनच जॅकचा गेट (मूअरचा किंवा डॉनरचा नॉइज किलर) डिस्टॉर्शननंतर लावला की त्याला हा चेपलेला सिग्नलच ऐकून निर्णय घ्यावा लागतो. मग तो सूर तोडतो, नाहीतर उंबरठ्यावर फडफडतो. अ‍ॅम्पच्या इनपुटच्या आधी लावला, तर अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्याची म्हणजे प्रीअ‍ॅम्पची सूंऽऽ त्याच्या हातातच नसते.

सेंड आणि रिटर्न हे आणखी दोन जॅक असलेला गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकतो आणि दार मात्र डिस्टॉर्शननंतर लावतो. बॉस एनएस-2 हे 1987 पासून करतो. बेहरिंगर एनआर300 त्याच घडणीचा, बराच स्वस्त, पण प्लास्टिकच्या डब्यात. घरी चालेल, स्टेजवर बुटाने दाबणाऱ्याने विचार करावा. जोडणी अशी: गिटार इनपुटला, सेंडमधून ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल) आणि पुढे अ‍ॅम्पचं इनपुट, अ‍ॅम्पचा एफएक्स सेंड (बाहेरच्या इफेक्टसाठीचा जॅक) गेटच्या रिटर्नला, गेटच्या आउटपुटमधून डिले-रिव्हर्ब आणि तिथून अ‍ॅम्पचा एफएक्स रिटर्न. लांब केबल चार लागतात, त्यांचे पैसे आधीच धरा. अ‍ॅम्पला एफएक्स लूप नसेल तर डिस्टॉर्शनची पेडलं सेंड-रिटर्नच्या मध्ये ठेवा आणि आउटपुट डिलेतून अ‍ॅम्पला.

दोन जॅकचा गेट अगदीच टाकाऊ नाही. सगळं डिस्टॉर्शन एकाच पेडलचं, अ‍ॅम्प क्लीन आणि वादन पाम म्यूटच्या (तळव्याने तारा दाबून वाजवलेल्या) तुटक रिफचं असेल तर हार्ड मोडवर तो छान चालतो. लांब सुरांना सॉफ्ट.

"आवाज बंद होईपर्यंत थ्रेशोल्ड फिरव." गेन नेहमीचा ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. तारा तळव्याने दाबून थ्रेशोल्ड शून्यापासून हळूहळू वाढवा. सूंऽऽ बंद झाली की थांबा, वर केसभर द्या. आता तिसरी तार बाराव्या पट्टीवर वाजवून सूर विरू द्या. मध्येच कापला गेला तर आधी डिके किंवा रिलीज (दार किती हळू बंद व्हावं ती सेटिंग) वाढवा, मग थ्रेशोल्ड थोडा उतरवा. गिटारचा व्हॉल्यूम कमी करून क्लीन वाजवणार असाल तर गेट बंद करा, नाहीतर हलके सूर दाराबाहेरच राहतील.

आणि घरात झूमचं मल्टिइफेक्ट (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) असेल तर काही विकत घ्यायच्या आधी त्यातलं झेडएनआर (झूमचा स्वतःचा नॉइज गेट) उघडा. बऱ्याच मॉडेलांत त्याला डिटेक्ट नावाची सेटिंग असते. ती गिटार इनपुटवर ठेवली की गेट गिटारचाच सिग्नल ऐकतो, एकही जादा केबल न लावता.