प्लॉट बघायला जाताना नाक घरी ठेवून जा

एमआयडीसीच्या आसपास गोडाऊनला, शेडला जागा बघताय का? मग या अनुभवी माणसाचं ऐका. मागच्या दिवाळीनंतर मी कल्याणच्या पुढे साडेपाच गुंठे एनए, म्हणजे बिगरशेती जमीन घेतली, मसाल्याच्या पॅकिंगसाठी, त्यामुळे या विषयात मी आता डॉक्टरेटच्या जवळपास आहे.

सगळ्यात आधी सात-बारा. उभा बघा, आडवा बघा, फेरफार काढा, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, पेपरात नोटीस द्या. कुणाची आत्या हिस्सा मागतेय, कुठल्या पतसंस्थेचा बोजा आहे, सगळं कळलं पाहिजे. जमिनीच्या पोटात काय आहे त्याला सात-बाऱ्यावर रकाना नाही, म्हणजे तसलं काही नसतंच. असतं तर इतर हक्कात नोंद नसती का, 'क्रोमियम, हिस्सा आठ आणे'?

वास्तुवाल्याला न्यायला विसरू नका. मी 11 हजार दिले. ईशान्येला बोअर आहे बघून तो एकदम खूश झाला.

माती तपासलीय का असं एजंटला जरूर विचारा, कारण तो लगेच रिपोर्ट काढून दाखवतो. मला दोन दाखवले. पहिला इंजिनिअरचा, जमीन किती वजन पेलेल त्याचा. दुसरा चक्क शेतीचा, नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश भरपूर. मी मान हलवली, छान छान म्हटलं. विषारी रसायनांचं नाव दोन्हींत नाही. अहो, मला तिथे शेड टाकायची होती की कपाशी लावायची होती? पण शिक्का होता ना कागदावर, शिक्का असला की आपण गार.

वास आला तर 'कंपनी एरिया आहे, चालायचंच' असं स्वतःशीच म्हणा. तळोज्यात 2017 ला कुत्री निळी झाली, डोंबिवलीत 2020 ला रस्ता गुलाबी झाला, आपण काय केलं, फोटो फॉरवर्ड केले. तेच करत राहा.

बँकेच्या लिलावात घेणार असाल तर 'जसे आहे जेथे आहे' ही ओळ, म्हणजे जागेत जे काही निघेल ते तुमच्या गळ्यात, अजिबात वाचू नका.

आणि मुख्य म्हणजे, आधी इथे काय चालायचं हे विचारू नका. मी एकदाच विचारलं, एजंट म्हणाला, काही नाही हो काका, छोटं वर्कशॉप होतं. बस. मग जुन्या मालकाचं प्रदूषण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे धंदा चालवायचं संमतीपत्र मागायचं नाही, त्यात रेड कॅटेगरी, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांचा गट, लिहिलंय का बघायचं नाही, घातक कचऱ्याचे वार्षिक रिटर्न भरलेत का, गाळ तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या साइटला गेल्याचे मॅनिफेस्ट, म्हणजे पाठवणीच्या पावत्या आहेत का, हे तर बिलकुल नाही, समोरचा माणूस दुखावतो. गूगल अर्थवर जुने फोटो फुकट दिसतात, तेही बघू नका. मी नंतर बघितले. माझ्या शेडच्या बरोब्बर मागच्या कोपऱ्यात 2009 ला एक काळपट चौकोनी डबकं आहे, पुढच्या फोटोत त्याच जागी लालभडक नवा मुरूम. नाक्यावरच्या चहावाल्याला सगळं ठाऊक होतं. 'तो प्लेटिंगवाला ना, लोखंडाला क्रोमचा चकचकीत मुलामा देणारा? टाक्यांचं पाणी रात्री मागे सोडायचा.' एका कटिंगच्या पैशात मिळणारी माहिती मी रजिस्ट्री झाल्यावर घेतली, सहा महिने त्याच टपरीवर चहा पिऊन. शेडचा पाया खणायला जेसीबी लावला, पाच फुटांवर पाणी लागलं, पिवळंधमक, लिंबू सरबतासारखं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, साहेब हळद लागली, मसाल्याचा धंदा लाभणार! हसलो हो आम्ही. तो माणूस अनवाणी उतरला होता त्या खड्ड्यात. लॅबमधल्या पोराने बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेतलं, कसलेसे थेंब टाकले आणि नळी जांभळी झाली, तेव्हा हसू बंद झालं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. कॅन्सरवालं. पाण्यात विरघळतं, जमिनीखालून पाण्याबरोबर चालत जातं, त्याला तुमचं कंपाउंड कळत नाही. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, माझ्या खड्ड्यात 4.2. या टेस्टला किती लागले? साडेसहा हजार. वास्तुवाल्यापेक्षा साडेचार हजार कमी.

कायदा आहे हो, नाही असं नाही. केंद्राने 24 जुलै 2025 ला दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, घाण ज्याने केली सफाईचा खर्च त्याच्याकडून. आमचा घाण करणारा वर्कशॉप विकून कधीच गेलाय, फोन लागत नाही. माझ्या अर्जाला इनवर्ड नंबर मात्र मिळालाय.

आता शेवटचा सल्ला, हा माझा नाही, आमच्या मेहुण्यांचा. 'भावोजी, दोन डंपर मुरूम टाका वर, रोलर फिरवा, आणि सरकवा पुढच्याला. तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?' हे जेवताना म्हणाले, आमरस वाढून घेत. आणि टेबलावरचे सगळे हो म्हणाले! माझी सख्खी बहीणसुद्धा.

नाही, आता उपरोध वगैरे जमत नाही मला. लाज वाटू दे जरा. प्लॉटच्या मागे 30-32 खोल्यांची चाळ आहे, त्यांची बोअर माझ्या भिंतीपासून चाळीस पावलांवर. मी त्यांना सांगायला गेलो तर एक बाई म्हणाली, हो दादा, पिवळं येतं कधी कधी, आम्ही गाळून घेतो. गाळून! फडक्याने! आणि तुम्ही मला मुरूम टाकायला सांगता? पन्नास लाखांचा व्यवहार करताना साडेसहा हजार काढायला जिवावर येतं, कारण रिपोर्ट खराब आला तर सौदा मोडेल. अरे मोडू दे की! त्यासाठीच करायची असते टेस्ट. विकणाऱ्याला माहीत असतं, एजंटला माहीत असतं, चहावाल्याला माहीत असतं, आणि आपण शिकलेसवरलेले लोक मुद्दाम विचारत नाही, म्हणजे उद्या आपल्यालाही 'माहीत नव्हतं' म्हणत विकता यावं. मीही त्यातलाच, म्हणून जास्त चिडलोय.

परवा दोघं आले होते प्लॉट बघायला, एजंटने परस्पर पाठवलेले. मी ताडपत्री काढली, खड्डा दाखवला, रिपोर्टची झेरॉक्स हातात दिली. गेले. एजंटचा फोन आला, काका, तुम्हीच तुमचं गिऱ्हाईक पळवताय. म्हटलं, हो, आणि पुढचं पाठवशील तेही पळवणार.