दीड सेकंदाची शांतता आणि एक निवृत्त प्राध्यापक

सर,

माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर छापण्याजोगं झालं नसतं. डिस्कर्सिव्ह सायकॉलॉजी, म्हणजे माणसं बोलण्यातून काय साधतात हे तपासणारी मानसशास्त्रातली पद्धत, शिकण्यावरचा तो लेख फार लांबला, ही तक्रार मान्य.

पण तुमचं हे वाक्य बघा: ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण दीड सेकंदाच्या गप्प बसण्यावरून मनातलं ओळखणं हे संशोधन की ज्योतिष?’ कळत नाही म्हणायचं आणि त्याच दमात निकालही द्यायचा! म्हणजे तुम्ही आधीच निःपक्षपाती, आणि चिडलो तर मी कोत्या मनाचा. बोलण्यातल्या असल्या चालीच ही पद्धत तपासते. आयता नमुना दिलात, आभार.

आता ज्योतिष. एडवर्ड्स आणि पॉटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली ‘डिस्कर्सिव्ह सायकॉलॉजी’ याच नावाचं पुस्तक लिहिलं, ते मन ओळखण्याचा दावा बाजूला ठेवूनच. आठवण, राग, हेतू यांचा उल्लेख करून माणसं बोलताना काय साधतात, ते बघायचं.

माझे वडील पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाल होते. सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. व्यापाऱ्याने भाव सांगितला की एखादा शेतकरी नुसता गप्प राहायचा. लगेच व्यापारी, ‘बरं, दहा वाढवतो.’ शेतकऱ्याच्या मनात काय होतं, देव जाणे. कदाचित परतीची एसटी असेल. पण व्यापाऱ्याने ते गप्प राहणं नकार म्हणून घेतलं, हे त्याच्या पुढच्या वाक्यातच दिसतं. पुरावा तिथे असतो, माझ्या डोक्यात नाही. म्हणून तर संभाषणांच्या अभ्यासक गेल जेफरसन यांच्या पद्धतीने ट्रान्सक्रिप्ट करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढताना, शांतता सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहितात. घरचे झोपल्यावर हेडफोन लावून, तेच तेच रेकॉर्डिंग ऐकत मी हे शिकलोय. तुम्ही किती ऐकलंत, ते विचारत नाही.

तुमचे बाकीचे प्रश्न. ‘इतक्या थोड्या संभाषणांवरून काय सिद्ध होणार?’ टक्केवारी काढायचीच नव्हती. विषय संपला. ‘सरळ मुलाखती घ्या ना!’ घेतल्यात, द्राक्ष बागायतदारांच्या. मुलाखतीत माणूस मुलाखतीसारखं बोलतो. पॉटर आणि हेपबर्न यांचा २००५ सालचा लेख याच अडचणींवर आहे; वाचायची तयारी असेल तर वाचा. ‘नाशिकला याचा काय उपयोग?’ यावर मी काही बोलणार नाही.

पुढच्या भागात ट्रान्सक्रिप्टचे नमुने देणार आहे. त्यावरही जरूर लिहा. फक्त मला ‘बाळा’ म्हणणं तेवढं वगळा. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.