‘तेराव्या वर्षी मूल गप्प झालं म्हणजे हातचं गेलं’ – या मेसेजबद्दल

नाशिकमधल्या पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. सोबत सल्लाही आहे: रोज मोबाईल तपासा. दोन्ही चुकीचं आहे.

वयात येताना मुलं घरी कमी सांगू लागतात, हे खरं. पण ती वाढीची नेहमीची पायरी आहे. कॅनडात १२ ते १९ वयाच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा मुलींचं सांगणं आधी घटून पुढे पुन्हा वाढलेलं दिसलं. मुलग्यांचं मात्र हळूहळू कमी होत गेलं.

मोबाईल तपासण्याबद्दल २००० साली स्वीडनमधले संशोधक स्टाटिन आणि कर यांनी दाखवलेली गोष्ट महत्त्वाची: आईवडिलांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. पाळतीतून फार थोडं कळतं.

कॉलेज रोडवरच्या क्लासहून सिडकोला परतताना गाडीवर मागे बसलेला मुलगा पप्पांना म्हणतो, ‘आज टेस्ट वाईट गेली.’ तेव्हा लगेच ‘किती मार्क?’ विचारू नका हो, त्याला बोलू द्या.

मात्र जेवण, झोप, मित्र सगळंच तुटलं असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.